गरोदरपणात पोटाला मार आणि प्लीहेची दुखापत : ‘बाळाचे ठोके चांगले आहेत’ एवढ्यावर घरी यावे का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात घडलेल्या एका प्रसंगाविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते; परंतु वहिनी हातीपायी सुखरूप सुटेपर्यंत त्यावर काही लिहावेसे वाटत नव्हते. आता त्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे. गावांची आणि रुग्णालयांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मला कोणावर ठपका ठेवायचा नाही. त्या रात्री आम्हा घरच्यांना जे कळायला हवे होते आणि कळले नाही, ते समजून घ्यायचे आहे.

वहिनींना तेव्हा एकतिसावा आठवडा चालू होता. दादाच्या स्कूटरवर त्या साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसल्या होत्या. वेग जेमतेम पंचवीस-तीसचा असेल. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेले, स्कूटर कलंडली आणि वहिनी डाव्या कुशीवर अशा पडल्या की बरगड्यांची खालची बाजू रस्त्याकडेच्या दगडावर आपटली. बेशुद्धी नाही, रक्त नाही, अंगावर फक्त कोपराला खरचटलेले. त्या स्वतः उठून उभ्या राहिल्या.

जवळच्याच एका लहान रुग्णालयात नेले, तेव्हा नाडी १०४ आणि रक्तदाब ११०/७० भरला. पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके आम्हाला ऐकवले. ते मिनिटाला १४८ होते. सगळ्यांच्या जिवात जीव आला. ‘मुका मार आहे, बाळ उत्तम आहे’ असे सांगून वेदनाशामक गोळी दिली आणि पाऊण तासात आम्ही घरी आलो. खरे सांगायचे तर तेथे थांबायला सांगितले असते तर आम्हीच कुरकुर केली असती, इतक्या वहिनी बऱ्या दिसत होत्या.

रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांचा डावा खांदा दुखू लागला. पडताना खांद्याला काहीही लागलेले नव्हते. आईने बाम चोळला, शेकून पाहिले. आडवे झाले की दुखणे वाढे आणि बसले की कमी होई, हे आमच्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र कळला नाही. बाराच्या पुढे घाम, तहान आणि डोळ्यांपुढे अंधारी सुरू झाली, आणि ‘बाळ मघापासून फारसे हललेले नाही’ असे त्या म्हणाल्या तेव्हा १०८ ला फोन केला.

मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा नाडी १३६ आणि रक्तदाब ८६/५४ होता. आठवड्यापूर्वीच्या कार्डावर हिमोग्लोबिन १०.८ होते, ते ७.१ वर आले होते. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. शस्त्रक्रियेत सुमारे पावणेदोन लिटर रक्त निघाले. प्लीहा तिच्या देठापाशी फाटली होती, ती काढावी लागली. रक्ताच्या पाच पिशव्या लागल्या. बाळाचे ठोके मध्ये मंदावले होते, ते रक्तस्राव आटोक्यात आल्यावर पूर्ववत झाले आणि गर्भाशयाला हात न लावता पोट शिवले. अडतिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती होऊन मुलगी झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम.

येथे काही डॉक्टर नियमित लिहितात म्हणून विचारतो. पोटात रक्त साचत असताना सुरुवातीचा रक्तदाब इतका चांगला कसा होता? खांदा का दुखला? आणि अशा वेळी रुग्णालयात किती तास थांबायला हवे होते?

मृद्गंध

वाचताना काटा आला. माझी बहीण पाचव्या महिन्यात आहे आणि रोज नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कामाला जाते. आणखी एक प्रश्न विचारते : त्याच शस्त्रक्रियेत सिझेरियन करून बाळाला का काढले नाही? एकतिसाव्या आठवड्याचे बाळ जगू शकते ना?

शल्यविचार

मी शल्यचिकित्सक आहे. माझ्या वाट्याचे तेवढे लिहितो. गर्भाशय आणि बाळ यांविषयी ओटीभरण यांनी लिहावे, तो त्यांचा प्रांत आहे.

प्लीहा म्हणजे आपल्या आजीच्या बोलीतली पाणथरी. पोटाच्या डाव्या बाजूला, जठराच्या मागे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आडोशाला ती असते. मुठीएवढी, वजनाला सुमारे १५० ग्रॅम. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ विसावा भाग तिच्यातून फिरतो. तिचे आवरण पातळ आणि आतला गर मऊ असल्यामुळे डाव्या बरगड्यांवर बसलेला ठोसा तिला फाडू शकतो, मग बरगडी मोडलेली असो वा नसो. पोटाला मुका मार लागतो तेव्हा सर्वाधिक दुखावणाऱ्या अवयवांत प्लीहा आणि यकृत हीच दोन नावे पुढे असतात. गरोदरपणात त्यात भर पडते ती जागेच्या अडचणीची : गर्भाशय वर येत जाते, आतडी आणि इतर अवयव वर ढकलले जातात, आणि उदरपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते.

आता रक्तदाबाचा प्रश्न, कारण सगळी फसवणूक तेथेच आहे. गरोदर स्त्रीच्या अंगातील रक्ताचे प्रमाण शेवटच्या तिमाहीपर्यंत ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. निसर्गाने ती शिल्लक प्रसूतीच्या रक्तस्रावासाठी ठेवलेली असते. त्यामुळे बाराशे ते पंधराशे मिलिलीटर रक्त गेले तरी आईचा रक्तदाब टिकून राहू शकतो. शिवाय गरोदरपणात नाडी एरवीपेक्षा १० ते २० ठोक्यांनी जलदच असते, म्हणून १०४ हा आकडा ‘घाबरल्यामुळे असेल’ या समजुतीत सहज खपून जातो. पोट तपासून कळेल म्हणावे, तर ताणलेल्या पोटाच्या भिंतीमुळे रक्त साचूनही पोट कडक लागत नाही. तुमच्या वहिनींची पहिली तपासणी चुकीची मोजली गेली असेल असे मला वाटत नाही. मोजलेले आकडे बरोबर होते आणि तरीही त्यांनी दिशाभूल केली. चूक झाली असेल तर ती एकदाच मोजून सोडून देण्यात.

खांद्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. साचलेले रक्त डाव्या उदरपटलाखाली पोहोचले की तेथल्या मज्जातंतूला टोचणी लागते. हा मज्जातंतू मानेतील तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतो आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही तेथूनच जाते, म्हणून मेंदू दुखण्याची जागा चुकीची वाचतो. जर्मन शल्यचिकित्सक हान्स केर यांच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. आडवे झाल्यावर रक्त उदरपटलाकडे सरकते, त्यामुळे दुखणे वाढते. बसल्यावर ते खाली उतरते. तुमच्या मातोश्रींनी बाम चोळला यात त्यांचा काही दोष नाही. पण पोटाला किंवा डाव्या बरगड्यांना मार लागल्यानंतर, खांद्याला काही न लागता डावा खांदा दुखत असेल, तर ते दुखणे पोटातले आहे असे धरून चालावे.

प्रत्येक फाटलेली प्लीहा काढावी लागते असे मात्र नाही. दुखापतीच्या पाच श्रेणी मानतात. पहिलीत १ सेंटिमीटरहून कमी खोलीची चीर असते आणि पाचवीत प्लीहेच्या ठिकऱ्या झालेल्या असतात. नाडी व रक्तदाब स्थिर असतील तर बऱ्याच रुग्णांना अतिदक्षता विभागात ठेवून, वारंवार रक्त तपासून, शस्त्रक्रियेविना बरे करता येते. काही ठिकाणी मांडीतील रोहिणीतून नळी घालून प्लीहेकडे जाणारी रोहिणी आतून बुजवतात. पण रक्तदाब ८६ असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा विचार करत बसायचे नसते. पोट उभे उघडायचे, रक्त थांबवायचे. दाब घसरलेला असताना आई गरोदर आहे म्हणून शस्त्रक्रिया लांबवली, तर दोघांचेही नुकसान होते.

एक इशारा देऊन थांबतो. पहिल्या दिवशी आवरणाखाली अडलेले रक्त दोन-तीन दिवसांनी, क्वचित दोन आठवड्यांनीही, आवरण फोडून बाहेर पडते. ‘चोवीस तास गेले, आता धोका टळला’ असे प्लीहेच्या बाबतीत म्हणता येत नाही.

ओटीभरण

शल्यविचार यांनी माझे अर्धे काम केले आहे. उरलेले, म्हणजे गर्भाशयाच्या बाजूचे, लिहिते.

आईचा रक्तदाब टिकून राहतो असे ते म्हणाले, त्याची किंमत बाळ मोजत असते. रक्त कमी पडू लागले की आईचे शरीर मेंदू आणि हृदय यांना वाचवण्यासाठी इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आवळते, आणि त्या ‘इतर ठिकाणां’त गर्भाशय येते. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असते. ते आईच्या रक्तदाबाचा आकडा ढळण्यापूर्वीच घटू लागते. म्हणून अनेकदा बाळाच्या ठोक्यांतील बदल ही आईच्या रक्तस्रावाची पहिली खूण असते. पण हा बदल दिसण्यासाठी ठोक्यांचा आलेख सलग काढावा लागतो. दोन मिनिटे यंत्र टेकवून ऐकलेले १४८ ठोके एवढेच सांगतात की त्या दोन मिनिटांत बाळ बरे होते.

किती तास, याचे उत्तर असे : गर्भ साधारण २३-२४ आठवड्यांच्या पुढचा असेल आणि पोटाला मार लागला असेल, तर निदान ४ ते ६ तास ठोके आणि कळा यांची सलग नोंद ठेवावी. त्या वेळात कळा येत राहिल्या, अंगावरून रक्त गेले, पोट दुखत राहिले, ठोक्यांत बिघाड दिसला किंवा मारच जबर असेल, तर २४ तास ठेवून घ्यावे. तुमच्या वहिनींना सहा तास ठेवले असते, तर खांदा रुग्णालयातच दुखू लागला असता.

या देखरेखीचे मुख्य कारण प्लीहा नसते, वार (गर्भाशयाला चिकटलेला, नाळेवाटे बाळाला पोसणारा अवयव) सुटणे हे असते. गर्भाशय लवचीक, वार मात्र ताणली न जाणारी; धक्क्याने गर्भाशय क्षणभर आकार बदलते आणि वार त्याच्यापासून सुटते. जबर अपघातांत हे प्रमाण ४०-५० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते, आणि किरकोळ वाटणाऱ्या मारातही १ ते ५ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ते घडते. रक्त वारेच्या मागे कोंडून राहिले तर बाहेर थेंबही दिसत नाही. सोनोग्राफीत निम्म्याहून अधिक वेळा हे निसटते, त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ या वाक्यावर निर्धास्त होऊ नये. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेनचीही अशीच गंमत आहे. गरोदरपणात ते दर १०० मिलिलीटरमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेच्या कागदावर २२० हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापून येतो, पण आमच्या दृष्टीने तो धोक्याचा असतो.

मृद्गंध, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. एकतिसाव्या आठवड्याचे बाळ चांगल्या नवजात अतिदक्षता विभागात बहुतेक वेळा जगते. पण ज्या आईचे पावणेदोन लिटर रक्त गेलेले आहे तिच्या गर्भाशयावर त्याच वेळी चीर घेणे म्हणजे रक्तस्रावाचे दुसरे तोंड उघडणे होय. येथे बाळाचा त्रास आईच्या रक्तस्रावामुळे होता, तो थांबताच ठोके सुधारले, म्हणजे बाळाला सर्वात सुरक्षित जागा पुन्हा आईचे पोटच होती. ठोके सुधारले नसते, वार सुटल्याची चिन्हे दिसली असती किंवा गर्भाशय आड येऊन प्लीहेपर्यंत हात पोहोचला नसता, तर सिझेरियन केले असते. आधी पोटावर उभी चीर घेतली होती म्हणून पुढची प्रसूती सिझेरियननेच व्हायला हवी असा गैरसमज आहे. गर्भाशय कापलेले नसेल तर पोटाच्या भिंतीवरच्या टाक्यांचा नैसर्गिक प्रसूतीशी संबंध नाही, हे या वहिनींनी दाखवून दिलेच आहे.

कोयनाकाठ, वहिनींचा रक्तगट कोणता?

कोयनाकाठ

बी निगेटिव्ह. पहिल्या ठिकाणी तो विचारला गेला नाही आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात त्यासाठी एक इंजेक्शन दिले.

ओटीभरण

मला तीच शंका होती. ते अँटी-डी. आर-एच निगेटिव्ह गरोदर स्त्रीच्या पोटाला मार लागला की बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळण्याची शक्यता असते, म्हणून ७२ तासांच्या आत हे इंजेक्शन द्यावे लागते. ३०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलीटर रक्तापुरती असते; अधिक मिसळल्याचा संशय असेल तर आईचे रक्त तपासून मात्रा वाढवतात. ते राहून गेले तर याच बाळाला काही झाले नाही तरी पुढच्या बाळाला कावीळ आणि रक्तक्षय यांचा धोका राहतो. आपल्याकडे साधारण वीसांत एक व्यक्ती आर-एच निगेटिव्ह असते, तेव्हा ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

अनुस्वार

माहितीपूर्ण धागा. एक शंका : गरोदर बाईचा सीटी स्कॅन करायचा म्हटले की घरचेच नव्हे, तर काही डॉक्टरही हात आखडता घेतात. किरणोत्साराची भीती खरी आहे की नाही?

शल्यविचार

भीती खरी आहे, पण तिचे माप चुकलेले असते. पोट आणि ओटीपोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये गर्भाला मिळणारी मात्रा यंत्र आणि पद्धत यांनुसार साधारण १० ते ३५ मिलिग्रेच्या घरात असते. ५० मिलिग्रेच्या खाली गर्भात व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचे दिसलेले नाही. पुढील आयुष्यातील कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, तो नाकारता येत नाही. पण फुटलेली प्लीहा न ओळखण्याच्या धोक्यापुढे तो फार लहान आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये तर गर्भापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

प्रत्यक्षात क्रम असा असतो : आधी खाटेपाशीच पोटाच्या ठरावीक जागी सोनोग्राफी करून मोकळे रक्त आहे का ते पाहतात, त्याला आम्ही ‘फास्ट’ म्हणतो. रक्त दिसले आणि दाब कोसळत असेल तर सीटी न करता थेट शस्त्रक्रियागृहात जायचे. दाब स्थिर असेल तर सीटी करून दुखापतीची श्रेणी ठरवायची. फास्टमध्ये रक्त दिसले नाही म्हणजे प्लीहा शाबूत आहे असेही नाही, कारण आवरणाखाली अडलेले रक्त त्यात निसटू शकते. म्हणून काही तासांनी तपासणी पुन्हा करतात.

भूलचूक

मी भूलतज्ज्ञ. अपघातस्थळी आणि रुग्णवाहिकेत घरच्यांना करता येण्याजोगी एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. वीस आठवड्यांच्या पुढच्या गरोदर स्त्रीला उताणे निजवू नये. गर्भाशयाच्या भाराखाली पाठीच्या कण्यालगतची मोठी नीला दबते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि हृदयातून बाहेर जाणारे रक्त ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. जिचे रक्त आधीच वाहून चालले आहे तिला हे परवडत नाही. डाव्या कुशीवर वळवावे. मानेला किंवा पाठीच्या मणक्याला मार असल्याची शंका असेल तर कुशीवर न वळवता ती निजलेली फळी संपूर्ण डावीकडे तिरकी करावी, किंवा एकाने हातांनी पोट डावीकडे सारून धरावे.

रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल अपघातानंतर तीन तासांच्या आत दिले तर उपयोगी पडते. २० हजारांहून अधिक रुग्णांवरील क्रॅश-२ या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले, तेव्हापासून ते अपघात विभागात रुळले आहे. वेळेचे महत्त्व येथेही आहेच.

एक कठीण गोष्टही लिहून ठेवतो. अशा स्त्रीचे हृदय बंद पडले आणि चार मिनिटांच्या प्रयत्नांनी ते सुरू झाले नाही, तर जागीच सिझेरियन करून पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर काढावे असे शास्त्र सांगते. लोकांना वाटते की आई गेली म्हणून निदान बाळ वाचवत आहेत. पण गर्भाशय रिकामे झाले की नीलेवरचा भार उतरतो आणि आईचे हृदय परत सुरू होण्याची शक्यता वाढते. हे आधी आईसाठीच असते. नातेवाइकांना त्या क्षणी हे समजावत बसायला वेळ नसतो, म्हणून येथे सांगितले.

वैनगंगा

मी गडचिरोली भागात आरोग्यसेवेत अनेक वर्षे काढली. आमच्याकडे प्लीहा म्हटले की मलेरिया आठवतो. वारंवार मलेरिया झालेल्यांची प्लीहा वाढून बरगडीच्या आडोशाबाहेर, पार बेंबीकडे येते. मग तिला बरगड्यांचे कवच उरत नाही आणि ताणलेले आवरण हलक्या धक्क्यानेही फाटते. एखाद्या वस्तीत मलेरिया किती मुरलेला आहे हे ठरवण्यासाठी पूर्वी २ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी किती जणांची प्लीहा हाताला लागते ते मोजत असत, इतकी ही वाढ नित्याची होती. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. आपल्याकडील प्रकारात मोठ्या वयापर्यंत वाढलेली प्लीहा आढळते. तेव्हा अशा भागातील गरोदर बाई नुसती अंगणात घसरून पडली तरी तिची प्लीहा आधीपासून वाढलेली होती का, हे विचारावे.

थोडे अवांतर : या नाजूकपणाचा इंग्रजी अमलात बचावासाठी वापर होत असे. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने १८७५ साली आपल्या मोतद्दाराला (घोडे सांभाळणाऱ्या नोकराला) मारले आणि तो प्लीहा फुटून मेला. शिक्षा काय, तर ३० रुपये दंड. व्हाइसरॉय लिटनने पुढच्या वर्षी त्यावर जाहीर नापसंती नोंदवली, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रे त्याच्यावरच उलटली. मारणाऱ्याऐवजी मेलेल्याच्या पाणथरीला दोष देण्याची ही पद्धत फार जुनी आहे.

तिरकस

सर्वांचा आदर राखून विचारतो : असे धागे वाचून गरोदर बायका घाबरणार नाहीत का? गरोदरपणात पाय घसरून पडणे किती सर्रास असते. प्रत्येकीने सहा तास रुग्णालयात जाऊन बसायचे का? तेथे खाटा तरी आहेत का?

ओटीभरण

आक्षेप रास्त आहे. बसल्या जागी घसरली, कुल्ल्यावर आपटली, पोटाला काही लागले नाही, बाळ नेहमीसारखे हलते आहे, अशा स्त्रीची प्लीहा फुटण्याची शक्यता नगण्य असते. तिने डॉक्टरांना फोन करून विचारले तरी पुरे. बारा आठवड्यांपर्यंत तर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असते. पोटावर किंवा बरगड्यांवर थेट आघात, वाहनाचा अपघात, उंचीवरून पडणे आणि मारहाण, या गोष्टी वेगळ्या. खाटा नसतात हे खरे. पण लहान रुग्णालयाने ‘आमच्याकडे सलग नोंद ठेवण्याची सोय नाही, तुम्ही पुढे जा’ असे स्पष्ट सांगितले, तरी ते मोठे काम ठरते.

मारहाण हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या प्रत्येकीला नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून एकटीला विचारावे, असे आम्हाला शिकवतात आणि ते मी पाळते. पोटात लाथ बसलेली बाई क्वचितच आपणहून बोलते. सर्वांसमोर विचारले तर मुळीच बोलत नाही. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे, तो माहीत असावा.

शल्यविचार

ओटीभरण यांच्या प्रतिसादाला जोडून : अपघात असो वा मारहाण, पोलिसांची नोंद व्हायची आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आधी जीव, मग कागद.

आणि तिरकस यांच्यासाठी एक दुर्मीळ अपवाद. कसलाही मार नसताना, गरोदरपणात अचानक डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येऊन बाई कोसळली, तर प्लीहेच्या रोहिणीला आलेला फुगा फुटलेला असू शकतो. प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदींमध्ये अशा वेळी चारांपैकी तीन माता दगावलेल्या आहेत आणि बाळांची स्थिती त्याहून वाईट आहे. काही वेळा पहिल्या फुटीचे रक्त जठरामागच्या पोकळीत अडते, बाई सावरल्यासारखी वाटते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा कोसळते. मधल्या वेळात आम्लपित्ताचे औषध देऊन घरी पाठवले जाते.

टेम्सकाठची

मोटारीविषयी लिहिते. गरोदरपणात पट्टा पोटाला आवळतो म्हणून तो लावायचाच नाही, असे भारतातील अनेक मैत्रिणी सांगतात. येथे ब्रिटनमध्ये डॉक्टरचे प्रमाणपत्र नसेल तर गरोदर स्त्रीलाही पट्टा सक्तीचा आहे. खालचा पट्टा पोटावरून न नेता पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर बसवायचा. वरचा पट्टा दोन स्तनांमधून आणि पोटाच्या कडेने न्यायचा. पोटावरून गेलेला पट्टाच धक्क्याच्या वेळी गर्भाशय दाबतो. चालवत असाल तर सुकाणूचक्र आणि पोट यांत वीतभराहून जास्त अंतर ठेवा.

मृद्गंध

आणि दुचाकीचे काय? बहिणीला रिक्षा रोज परवडणार नाही.

भूलचूक

मृद्गंधताई, दुचाकी टाळता आली तर उत्तमच. टाळता येत नसेल तर निदान एका बाजूला पाय सोडून बसणे टाळावे, कारण तसे बसल्यावर पकड आणि तोल दोन्ही राहत नाही आणि पडणे नेहमी एकाच कुशीवर होते. सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय, पायटेकणीवर तळवे, मागे धरायला कडी आणि डोक्यावर शिरस्त्राण. धरायची कडी, पायटेकणी आणि मागच्या चाकावरील जाळी ही मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचीच आहे. हौसेखातर काढून टाकली असेल तर परत बसवून घ्या. वेळ पाच मिनिटांनी वाढला तरी खड्ड्यांचा रस्ता सोडून जावे.

अनुस्वार

प्लीहा काढल्यानंतर आता वहिनींची प्रकृती कशी आहे? तिच्याविना माणूस नेहमीसारखे जगू शकतो का?

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली.

वहिनी बऱ्या आहेत, बाळाला पाजत आहेत आणि गेल्या महिन्यापासून कामावरही जात आहेत. घरी सोडताना जे सांगितले ते येथे नोंदवतो, म्हणजे शल्यविचार यांना काही दुरुस्ती करायची असेल तर करता येईल. शस्त्रक्रियेनंतर चौदाव्या दिवशी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या तीन जंतूंविरुद्धच्या लसी दिल्या. त्या जिवंत जंतूंच्या नसल्यामुळे गरोदरपणात चालतात असे सांगितले. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची आहे. ताप १०१ च्या वर गेला तर ‘उद्या बघू’ न म्हणता दिलेली प्रतिजैविकाची गोळी लगेच घेऊन रुग्णालय गाठायचे. कारण प्लीहा नसलेल्यांमध्ये साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. मलेरियाच्या भागात जायचे असेल तर आधी औषध विचारायचे. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकही लागते, हे आम्हाला नवीन होते.

शल्यविचार

दुरुस्ती काही नाही, फक्त भर. यांतील काही लसींच्या मात्रा ठरावीक वर्षांनी पुन्हा घ्याव्या लागतात, म्हणून तारखा लिहून ठेवा. आणि ‘प्लीहा काढलेली आहे, रक्तगट बी निगेटिव्ह’ असे लिहिलेले कार्ड त्यांनी पाकिटात बाळगावे. बेशुद्धीत विचारणार कोणाला?

कोयनाकाठ

दादाने आजच पुठ्ठ्यावर लिहून त्यावर पारदर्शक आवरण चढवून आणले आहे. एक वहिनींच्या पर्समध्ये आणि एक स्कूटरच्या डिकीत. स्कूटरला मागे धरायची कडीही बसवली आहे, पण वहिनी अजून तिच्यावर बसलेल्या नाहीत.